चहाच्या मळ्यातले वतन

चहाच्या कपावर आपल्या समाजात पुष्कळ बोलून झाले आहे. वळचणीला खोचलेला कान तुटलेला कप, पिऊन झाल्यावर आपणच विसळून पालथा घालायचा ग्लास, हाताला हात लागू नये म्हणून वरून ओतलेला चहा. हा अपमान आपल्या आजोबांनी गिळला, वडिलांनी त्यावरून हॉटेलवाल्याशी भांडणे केली, आणि आपल्या आत्मकथनांत तो कायमचा नोंदला गेला. ते बोलणे बरोबरच होते. अनेक गावांत ते आजही संपलेले नाही. पण त्या कपातली पत्ती कुठून येते, ती कोण खुडते आणि खुडणारी माणसे कुठल्या जातीजमातींतली आहेत, यावर आपल्या चळवळीत आम्ही फारशी चर्चा ऐकलेली नाही.

मागे आमच्या अभ्यासवर्गात हा विषय काढला तेव्हा एका तरुणाने सरळ विचारले, “दादा, महाराष्ट्रात काही चहा पिकत नाही. तिथले मजूर एकतर आदिवासी, नाहीतर तामिळी. युनियनवाले बघून घेतील त्यांचे. आपला काय संबंध?” प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो एकट्या त्या तरुणाचा नाही. चळवळीतल्या जाणत्या माणसांकडूनही आम्ही तो वेगळ्या शब्दांत ऐकला आहे. आमचे उत्तर असे आहे की चहाचा मळा ज्या बांधणीवर उभा आहे ती बांधणी आपल्याला परकी नाही. तिला आपल्याकडे वतन म्हणत. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात जिच्याविरुद्ध बिल मांडले तीच ही.

पण आधी झाडाकडे बघू. झाड समजल्याशिवाय मजुरी समजत नाही.

चहाचे झुडूप हे मुळात झुडूप नाहीच. मोकळे सोडले तर ते तीस-चाळीस फुटांचे झाड होते, त्याला फुले येतात, बिया धरतात. मळ्यात मात्र ते आयुष्यभर कमरेच्या उंचीवर राखले जाते, कारण बाईचा हात तिथे पोचला पाहिजे आणि झाडाची सगळी ताकद फुलाबियांत न जाता कोवळ्या पानात गेली पाहिजे. हे काम छाटणीचे. आसामात आणि उत्तर बंगालात ती थंडीत, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास होते. प्रत्येक झुडूप दरवर्षी सारखेच कापत नाहीत. एखाद्या वर्षी खोल छाटणी, मग पुढची दोन-तीन वर्षे फक्त वरचा थर सपाट करायचा, असा फेरा चालतो. दक्षिणेत हा फेरा आणखी लांब, चार-पाच वर्षांचा असतो. कोयत्याचा वार तिरपा बसला पाहिजे, म्हणजे कापलेल्या टोकावर पाणी साचून लाकूड कुजत नाही. किडकी, वाळलेली फांदी ओळखून काढायची. दक्षिणेतल्या उंचावरच्या मळ्यांत एक-दोन पानेवाल्या फांद्या मुद्दाम राखतात, नवी पालवी येईपर्यंत झाड त्यांच्यावर जगते. मुळांत पुरेसा साठा नसताना खोल छाटणी केली तर झाड मरते, म्हणून आधी मुळाचा तुकडा घेऊन त्यावर आयोडीन टाकून पिठूळ साठा तपासतात. छाटलेल्या झाडाला कोंब आले की ते ठरावीक उंचीवर एका रेषेत खुडून वरचा भाग मेजासारखा सपाट केला जातो. मग कुठे पुढची काही वर्षे त्या मेजावरून पान निघते.

आणि खुडणी. दोन पाने आणि एक कळी हे सगळ्यांना पाठ आहे, पण ते रोज तासन्‌तास, उतारावर, पाठीवर टोपली घेऊन करणे म्हणजे काय याचा विचार करा. पाऊसकाळात आसामात एका झुडपावर साधारण आठवड्याने परत यावे लागते. उशीर झाला तर पान जून होते आणि चहा बिघडतो. घाई केली तर झाड खंगते. ज्या कोंबाच्या टोकाला कळी न वाढता थांबून गेली आहे तो वेगळा ओळखावा लागतो, त्याला मळ्यात ‘बांझी’ म्हणतात. नव्या कोंबाच्या तळाशी एक छोटे, बोथट पान असते, त्याला ‘जनम’ म्हणतात. कुठवर खुडायचे आणि कुठे थांबायचे हे त्या पानावरून ठरते. गंमत अशी की चहाच्या शेतीवरच्या इंग्रजी शास्त्रीय पुस्तकांतही हे दोन शब्द जसेच्या तसे आहेत. साहेबाकडे त्यांना नाव नव्हते. नाव दिले ते झुडपाशी रोज उभ्या राहणाऱ्यांच्या बोलीने.

तरीही हे काम अकुशल समजले जाते आणि मजुरी त्याच समजुतीवर ठरते. बाईची बोटे नाजूक म्हणून तिला हे जमते, म्हणजे निसर्गानेच दिलेले, मग त्याचे जास्त पैसे कशाला, असा हा हिशेब आहे. आपल्याला तो ओळखीचा वाटला पाहिजे. चामडे कमावणे, दोर वळणे, केरसुणी बांधणे, डफ मढवणे, ही कामे पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्यांना कारागीर कोणी म्हटले नाही. जातीने आलेले कसब कसब म्हणून मोजायचे नाही, ही या देशाची जुनी रीत आहे.

आता आकडा. आसामच्या ब्रह्मपुत्रा खोऱ्यात २०२३ च्या ऑक्टोबरपासून रोजची मजुरी २५० रुपये झाली, बराक खोऱ्यात २२८. त्याआधीच्या निवडणुकांत ३५१ आणि ३६५ असे आकडे वेगवेगळ्या पक्षांच्या आश्वासनांत फिरून गेले होते. आसामात दिवसाचा ठेका साधारण २४ किलो ओल्या पानाचा. साडेचार किलोच्या आसपास ओल्या पानाचा एक किलो तयार चहा होतो, म्हणजे एका बाईच्या ठेक्याचा पाच किलोंहून जास्त चहा. तुमच्या किराणा दुकानात त्या पाच किलोंचे काय होतात ते तुम्हीच मांडा. कारखाना, वाहतूक, लिलाव, पाकीट, जाहिरात यांचा खर्च वजा करा, आमची हरकत नाही. त्यानंतरही हे गणित सरळ दिसत नाही. त्यात वजनाच्या वेळी टोपलीचे आणि पावसात पानावरच्या पाण्याचे म्हणून किलो-दोन किलो कापले जातात. बाजार समितीत कडता सोसलेल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको.

ही माणसे तिथे आली कशी? आसामात ती छोटानागपूर, संथाळ परगणा, ओडिशा, आजचा छत्तीसगड, आंध्र अशा भागांतून आणली गेली. उराँव, मुंडा, संथाळ, खडिया, गोंड, आणि त्यांच्यासोबत घासी, पाण, तांती, तुरी अशा अस्पृश्य मानलेल्या जाती. १८६३ ते १८६६ या तीन वर्षांत आसामात उतरवलेल्या सुमारे ८५,००० मजुरांपैकी ३०,००० हून अधिक मेले किंवा पळून गेले. १८६५ च्या कायद्याने मळेवाल्याला पळालेल्या मजुराला वॉरंटशिवाय पकडायचा अधिकार मिळाला, तो १९०८ पर्यंत टिकला. म्हणजे पोलीसही मालक आणि तुरुंगही मालकाचा. दक्षिणेत, मुन्नार-वालपारैच्या डोंगरांत आणि समुद्रापलीकडे सिलोनात, तिरुनेलवेली-मदुरैकडच्या पल्लर, परैयर, चक्कीलियर या दलित जातींची माणसे कंगाणीमार्फत गेली. कंगाणी म्हणजे आपल्याकडचा मुकादम. आधी उचल द्यायची, मग उचल फिटेपर्यंत राबवून घ्यायचे. बीडचा ऊसतोड कामगार आणि मुन्नारची खुडणारी एकमेकांना भेटले तर भाषा कळणार नाही, पण उचल म्हणजे काय हे दोघांना कळेल.

इथे कोणी म्हणेल की ही वसाहती भांडवलशाही, यात जात कुठे आली? आली ती अशी. गोऱ्या मळेवाल्याला स्वस्त, भूमिहीन, गावात परत जायला जागा नसलेला मजूर हवा होता. तो त्याने निर्माण केला नाही, त्याला तो तयार मिळाला. पल्लर-परैयरांना जमिनीपासून दूर ठेवायचे काम जातीने आधीच करून ठेवले होते, आदिवासींची जमीन सावकार-जमीनदारांनी खाऊन झाली होती. मळ्यावरही कारकून, मास्तर, डॉक्टरबाबू वरच्या जातींचे आणि लाइनीत राहणारे खालचे. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’मध्ये कामाची विभागणी आणि काम करणाऱ्यांची विभागणी यांत जो फरक दाखवला, तो बघायचा असेल तर मळ्याच्या ऑफिसातून लेबर लाइनीपर्यंत चालत जावे. पुष्कळ मळ्यांत रस्ता उताराचाच असतो.

आणि आता वतन. महारवतनाचे स्वरूप आपल्या वाचकांना सांगायला नको, पण थोडक्यात आठवू. जमिनीचा छोटा तुकडा आणि गावाकडून बलुते. त्याबदल्यात येसकरकी, टपाल-सांगावा, मेलेले गुर ओढणे, सरकारी कामाला हाक येईल तेव्हा धावणे. काम वंशपरंपरेचे, वेळेची मर्यादा नाही, आणि घरातल्या कुणीच काम केले नाही तर जमीन जाणार. आपल्याच काही माणसांना वतनाचा अभिमान होता, हेही विसरू नये. बाबासाहेबांनी ओळखले की तो तुकडा आधार नाही, तोच दावा आहे. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणाऱ्या त्यांच्या बिलाचा गाभा असा होता की ज्याला हवे त्याने सारा भरून जमीन आपल्या नावे ठेवावी आणि चाकरीतून मोकळे व्हावे. आणि बलुत्याऐवजी पैशाची व्यवस्था व्हावी. जमीन आणि चाकरी यांची गाठ सोडवा, एवढीच मागणी. बिल तेव्हा पार पडले नाही. १९३९ साली हरेगावला महार-मांग वतनदारांची परिषद घ्यावी लागली, आणि वतने कायद्याने गेली ती १९५८ मध्ये, बाबासाहेब आपल्यात नसताना.

आता मळ्यातली खोली बघा. आसामात तिला लाइन म्हणतात, मुन्नारला लयम. एका रांगेत जोडलेल्या खोल्या, मालकी कंपनीची. घरातले कुणीतरी मळ्यावर कामाला असेल तोवर खोली तुमची. आई निवृत्त झाली की खोली सोडायची, किंवा मुलीने नाहीतर सुनेने टोपली उचलायची. चार पिढ्या तिथेच जन्मल्या, तिथेच मेल्या, पण सातबाऱ्यासारखा एक कागद त्यांच्या नावे नाही. मजुरीचा मोठा भाग वस्तूंत: खोली, सरपण, रेशन, दवाखाना. आणि मजुरी वाढवा म्हटले की मालक याच वस्तूंची यादी पुढे करतात. जमीन आणि बलुते, खोली आणि रेशन. फरक जरूर आहे. महाराचे गाव निदान त्याच्या पूर्वजांचे होते, मळ्यातल्या माणसाचे मूळ गावही सुटलेले आहे. म्हणजे त्याची गाठ आपल्यापेक्षा घट्ट.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण ती आपल्याकडे क्वचित सांगितली जाते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ साली, मजूर खात्याने डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली कामगार चौकशी समिती नेमली. मळ्यांतल्या मजुरांच्या स्थितीवरचा रेग्यांचा अहवाल १९४६ चा आहे. तेव्हा मळ्यांचा विषय आपला नाही असे मजूर खात्यात बसलेल्या बाबासाहेबांना वाटले नव्हते. पुढे १९५१ चा मळा कामगार कायदा आला. घर, पाळणाघर, दवाखाना, शाळा ही मालकाची जबाबदारी ठरली. मजुराला त्यातून काही मिळाले हे खरेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण घराची आणि नोकरीची गाठ कायद्याने सोडवली नाही, उलट पक्की केली. २०२० साली संसदेने केलेल्या संहितेत तर तो कायदाही विरघळला. शिवाय तो लागू होता पाच हेक्टर आणि पंधरा मजुरांच्या वरच्या मळ्यांना. आज देशातला निम्म्याहून अधिक चहा छोट्या उत्पादकांकडून येतो, तिथल्या मजुराला तोही आधार नव्हता. मोठ्या मळ्यांतही कायम मजूर कमी करून हंगामी वाढवले जात आहेत. थंडीत खुडणी थांबते आणि हंगामी बाया घरी बसतात. आसामच्या मळ्यांत अशा हंगामी मजुराला काय म्हणतात माहीत आहे? ‘फालतू’. हजेरीच्या भाषेतला रोजचा शब्द आहे तो, शिवी म्हणून वापरत नाहीत.

युनियनवाले बघून घेतील, असे आमचा तरुण म्हणाला होता. मुन्नारला काय झाले ते त्याने वाचावे. २०१५ च्या सप्टेंबरात तिथे रोजची मजुरी २३२ रुपये होती आणि बोनस २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणला गेला. हजारो बाया, बहुतेक तामिळ दलित, रस्त्यावर बसल्या आणि त्यांनी नऊ दिवस मुन्नारचा रस्ता अडवला. सगळ्या रंगांच्या युनियनच्या पुरुष पुढाऱ्यांना त्यांनी जवळ येऊ दिले नाही. हे पुढारी कंपनीशी मिळालेले आहेत, त्यांना कंपनीकडून सोयी मिळतात, हा त्यांचा उघड आरोप होता. ‘पेंबिलै ओरुमै’, म्हणजे बायांची एकजूट, हे नाव त्यातून आले. बोनस आणि सानुग्रह रक्कम मिळून २० टक्के पदरात पडले, पुढच्या महिन्यात मजुरी ३०१ झाली. नंतर ती एकजूट फुटली, पक्षांनी आपापले हात घातले. ते दुःखाचे आहे, पण त्याने नऊ दिवसांचे मोल कमी होत नाही. नेतृत्व कुणाचे, हा प्रश्न आपण १९२० पासून विचारत आलो आहोत. तो त्या बायांनी कुणाचे पुस्तक न वाचता विचारला.

पाच वर्षांनी, ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री, मुन्नारजवळ पेट्टिमुडीला डोंगर खचला आणि लयमच्या रांगा गाडल्या गेल्या. ७० माणसे गेली. बहुतेक तामिळ दलित मळा कामगारांची कुटुंबे. ती त्या उताराखाली राहत होती कारण कंपनीने खोल्या तिथे बांधल्या होत्या, आणि जागा निवडायचा अधिकार ज्याची जागा त्याला. केरळच्या जमीन सुधारणांचे कौतुक आपण सगळीकडे ऐकतो. त्या कायद्यात मळ्यांना कमाल मर्यादेतून सूट होती. म्हणजे जिथे सर्वांत जास्त दलित मजूर एका जागी राहत होते, तिथेच जमीन वाटली गेली नाही. डाव्या मित्रांना हे विचारले की ते उत्पादनाचे आणि परकीय चलनाचे कारण सांगतात. असेल. आम्हाला ते पुरेसे वाटत नाही.

आता शेवटचा आणि आमच्या तरुणांच्या सर्वांत जवळचा मुद्दा, दाखल्याचा. जात पडताळणीसाठी १९५० पूर्वीचा पुरावा आणताना आपल्या किती मुलांची प्रवेशाची वर्षे वाया जातात हे आम्ही वस्त्यांतून काम करताना बघतो. आजोबा कामाच्या शोधात जिल्हा सोडून शहरात आला, शाळेचा दाखला नाही, खासरा नाही, मग नातवाने काय करायचे? मुन्नारच्या दलित मुलाची हीच गत आहे. केरळात अनुसूचित जातीचा दाखला हवा तर कुटुंब १९५० पूर्वीपासून केरळात असल्याचा पुरावा लागतो, आणि पुरावा देणार कोण? मळ्याच्या हजेरीवह्या कंपनीच्या ताब्यात. आसामात त्याहून विचित्र. उराँव, मुंडा, संथाळ हे पश्चिम बंगालात अनुसूचित जमाती आहेत. संकोश नदी ओलांडून आसामच्या मळ्यात गेले की तेच उराँव ओबीसी. कारण याद्या राज्यवार आहेत. मळेवाल्याने आणले तेव्हा राज्याची हद्द आड आली नाही, हक्क मागायची वेळ आली की हद्द आठवली. जे ख्रिस्ती झाले त्या दलितांना तर अनुसूचित जातीच्या यादीत जागाच नाही. आपल्याला, बौद्धांना, केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले होते. त्यामुळे ‘ते आपले नाहीत’ हे वाक्य निदान आपण तरी जपून वापरावे.

मग करायचे काय? आमच्या वर्गातच दुसऱ्या एकाने चहा सोडायची सूचना केली. आम्हाला ती पटत नाही. बहिष्कार हे हत्यार वाईट म्हणून नव्हे. मळा बंद पडला की मालक मरत नाही म्हणून. आम्ही सुचवतो ते इतकेच. मळ्यातल्या घराची जागा नोकरीशी न जोडता बाईच्या नावे व्हावी, आणि स्थलांतरित दलित-आदिवासींच्या दाखल्याची १९५० ची अट शिथिल व्हावी, या दोन मागण्या आपल्या संघटनांच्या ठरावांत आल्या पाहिजेत. दुसरी मागणी तर मुंबई-पुण्याच्या झोपडपट्टीतल्या आपल्या मुलांचीही आहे. चौदा एप्रिलला आणि सहा डिसेंबरला आपल्या पुस्तकांच्या स्टॉलवर या विषयाची एक पुस्तिका का नसावी?

पहिल्या मागणीला उशीर का नको, ते उत्तर बंगालच्या डुआर्समध्ये दिसले. २००२ नंतरच्या काही वर्षांत तिथले मळे एकामागून एक बंद पडले. मालक कुलूप लावून निघून गेले. मजुरी थांबली तसे रेशन थांबले, दवाखान्याला कुलूप लागले, पाण्याचा पंप आणि वीजही गेली, कारण हे सगळे मळ्याच्याच हिशेबात होते. माणसे चहाची फुले, रानातली मुळे, पाला उकडून खात राहिली आणि उपासमारीने मेली. खोली सोडून दुसरीकडे कामाला जावे तर खोली जाणार, आणि मळा पुन्हा सुरू झाला तर हजेरीवरचे नावही. म्हणून पुष्कळ घरांतली तरणी पोरे परमुलखात गेली आणि म्हातारी आई खोली राखत मागे राहिली. शेजारी छाटणीवाचून वाढलेली चहाची झाडे तिच्या छपरापेक्षा उंच झाली होती.